गॅरेजमध्ये न सापडणारा बिघाड

साफ बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं तुलनेने सोपं असतं. दोष समोर हजर असतो. प्लग काढून ठिणगी पाहिली, पेट्रोलच्या लाइनला गेज लावून दाब मोजला, वायरींना मीटर लावला की तासा-दोन तासांत तो हाती लागतो. खरा कस लागतो तो चालता चालता मधूनच बंद पडणाऱ्या गाडीपाशी. उड्डाणपुलावर ती अचानक बंद पडते. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी सुरू होते. पुढचे आठ-दहा दिवस सुरळीत जातात आणि एके दिवशी घाटात, मागे ट्रकची रांग असताना, पुन्हा इंजिन जातं. गॅरेजमध्ये नेली की व्यवस्थित चालते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो, स्कॅनर लावतो, स्कॅनरवर काही दिसत नाही. मग अंदाजाने एखादा सेन्सर बदलतात. महिन्याने पेट्रोलचा पंप बदलतात, त्यानंतर कॉइल. पैसे जात राहतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

या अंदाजपंचे बदलाबदलीचा मला राग येतो, पण तो मेकॅनिकवर नाही. त्याच्यापुढे येते धडधाकट चालणारी गाडी आणि ‘मधूनच बंद पडते’ एवढं एक वाक्य. एवढ्या माहितीवर कुणीही अंदाजच करील. पुरावा असतो तो गाडी बंद पडली त्या पाच-दहा सेकंदांत, आणि ते सेकंद पाहिलेले असतात फक्त चालवणाऱ्याने. या तपासातला मुख्य साक्षीदार तोच. त्याने काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं आणि त्यावरून दोषाचा माग कसा लागतो, हे या प्रकरणात पाहू. बोलणं मुख्यतः पेट्रोल गाड्यांचं असेल. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तिथे संशय इंधनाच्या दाबावर, फिल्टरमध्ये साठलेल्या पाण्यावर आणि विजेच्या त्याच त्या जोडांवर जातो.

पेट्रोल इंजिनाला चालत राहायला हवा, पेट्रोल आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते, आणि हे सारं खंड न पडता लागतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटासाठी पेट्रोलचा मोजून दिलेला फवारा आणि एक ठिणगी. हा हिशेब ठेवतो इंजिनचा संगणक, गॅरेजच्या बोलीत ईसीएम. त्याला वीज मिळते एका मुख्य रिलेतून, माहिती मिळते सेन्सरांकडून, आणि या सगळ्याला जोडणारी वायरिंग इंजिनच्या उष्णतेत आणि थरथरीत वर्षानुवर्षं काढते. यातला एखादा जोड क्षणभर सुटला तर झटका बसतो. दोन-चार सेकंद सुटला तर इंजिन थांबतं. पुन्हा जुळला की मागे खूण उरत नाही.

काटा कसा पडला

साक्षीदाराला पहिला प्रश्न हा, की इंजिन कसं गेलं? किल्ली फिरवून बंद केल्यासारखं एकदम, की आधी पिकअप गेला, झटके बसले, मिसिंग झालं आणि मग गेलं?

या एका उत्तराने संशयितांची यादी निम्म्यावर येते. पेट्रोल कमी पडू लागलं तर इंजिन सहसा धडपडत जातं. लाइनमध्ये दाब हळूहळू उतरतो, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, चढावर गाडी ओढत नाही आणि मग बंद पडते. वीज किंवा सेन्सरचा सिग्नल तुटला तर मात्र पूर्वसूचना नसते. ६० च्या वेगाने जाणारी गाडी एकदम निःशब्द होते आणि नुसत्या वेगावर पुढे सरकत राहते.

दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची. हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच दाबलेला नसेल तर इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवतच असतात. म्हणजे काट्याने काही ना काही फेरे दाखवायलाच हवेत. तो गाडीच्या वेगाबरोबर सावकाश खाली आला तर ईसीएम जागा आहे, त्याला फेरे दिसत आहेत, आणि दोष पेट्रोलच्या किंवा ठिणगीच्या बाजूला शोधायचा. पण चाकं फिरत असताना काटा एकदम शून्यावर आपटला तर अर्थ वेगळा. एक तर ईसीएमची वीज गेली, नाही तर त्याला इंजिनचे फेरे कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला. ऑटोमॅटिक गाडीत ही खूण तितकी भरवशाची नाही, कारण तिथे चाकं आणि इंजिन यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं तेल असतं.

हीच परीक्षा गाडी बाजूला घेतल्यावर पुन्हा करता येते. सेल्फ मारताना काटा दोन-अडीचशेपर्यंत उचलला जायला हवा. स्टार्टर इंजिन जोमाने फिरवतो आहे, इंजिन पेटत नाही आणि काटा जागचा हलत नाही, असं दिसलं तर क्रँक सेन्सर संशयितांच्या यादीत सर्वांत वर येतो.

तिसरी खूण दिव्यांची. इंजिन थांबलं पण किल्ली चालूच असली तर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागतो, हे ठीकच. सगळा डॅशबोर्ड अंधारला, घड्याळ पुसलं गेलं तर दोष बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा मुख्य वायरीवर. दिवे, हॉर्न, घड्याळ शाबूत पण किल्ली चालू करूनही चेक इंजिनचा दिवा पेटतच नाही, असं झालं तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ ईसीएमला वीज मिळत नाही असा असतो. मग मुख्य रिले, त्याचा फ्यूज आणि इग्निशन स्विच पाहायचे.

चालवणाऱ्याने अशा वेळी डॅशबोर्डकडे टक लावून बसावं असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याची नजर रस्त्यावरच हवी. शेजारी बसलेल्याला पाहू द्यावं. नाही तर मोबाइल स्टँडवर लावून डॅशबोर्डचं चित्रण चालू ठेवावं. दहा रुपयांची वही आणि हे चित्रण यांच्याइतकं उपयोगी उपकरण या तपासात दुसरं नाही. वहीत तारीख, हवा, टाकीत किती पेट्रोल होतं, गाडी किती वेळ चालली होती, एसी चालू होता का, चढ होता की उतार, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, एवढं लिहावं. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यात एखादा धागा दिसू लागतो.

उष्णतेचे बिघाड

सर्वांत जास्त वेळा दिसणारा धागा उष्णतेचा. गाडी थंड असताना छान चालते, तासाभराने बंद पडते, बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की सुरू होते. पुष्कळदा असंही होतं की गाडी चालत असताना काही होत नाही. चहासाठी वीस मिनिटं थांबून निघालं की दोनेक किलोमीटरवर बंद पडते. याचं कारण असं की इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरायचं थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता भोवतालच्या भागांत चढत जाते. त्या वीस मिनिटांत सेन्सर आणि वायरी चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात.

क्रँक सेन्सर या उष्णतेचा नेहमीचा बळी. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, ही रचना फार प्रचलित आहे. शेजारी बसवलेल्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि अतिशय बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. प्रत्येक दात समोरून गेला की गुंडाळीत विजेचा एक हेलकावा उमटतो, आणि गाळलेल्या दातांची फट आली की ईसीएमला कळतं, फेरा कुठवर आला. ठिणगी कधी टाकायची हे त्यावरून ठरतं. आता ही तार आत कुठे तडकली असेल तर थंडीत तिची टोकं एकमेकांना टेकून राहतात. तापल्यावर भोवतालचं प्लास्टिक प्रसरण पावतं, टोकं दूर होतात, सिग्नल जातो, आणि फेराच दिसत नाही म्हटल्यावर ईसीएम पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही थांबवतो. निवल्यावर टोकं पुन्हा टेकतात. गॅरेजमध्ये सकाळी मीटर लावला तर रोध अगदी बरोबर येतो.

या प्रकारच्या दोषाने अमेरिकेत एक मोठा खटला घडवला. १९८० च्या दशकात फोर्डने ठिणगीचं नियंत्रण करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल इंजिनच्या डिस्ट्रिब्युटरवरच बसवलं. ती जागा तापणारी. मॉड्यूल तापून काम थांबवायचं, गाडी रस्त्यात बंद पडायची, आणि निवल्यावर तपासलं तर मॉड्यूल ठीक निघायचं. वाहन सुरक्षेच्या सरकारी तपासांत ठपका ठेवला गेला नाही. अखेर २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलामिडा काउंटीच्या न्यायाधीशांनी कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी देशव्यापी तडजोड झाली. थंड भाग तपासून गरम भागाचा दोष सापडत नाही, हे लक्षात येण्यासाठी इतकी वर्षं गेली.

उष्णतेचा दुसरा बळी पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप. तो टाकीतच असतो, पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखालचं झाकण काढलं की दिसतो. त्याच्या मोटरमधून पेट्रोल वाहतं आणि तेच तिला थंड ठेवतं. टाकीत पेट्रोल कमी असलं की हा थंडावा कमी होतो. ब्रश झिजलेले, समोर फिल्टर तुंबलेला आणि टाकी तळाला, अशा स्थितीत पंप तापतो, दमतो आणि थांबतो. म्हणून वहीत पेट्रोलची पातळी लिहायची. मुंबई-पुण्याकडच्या सीएनजी गाड्यांत हे फार दिसतं, कारण मालक पेट्रोल जेमतेम ठेवतात. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर चालत असतानाही पंप फिरत राहतो, आणि मग ज्या दिवशी पेट्रोलवर यावं लागतं त्या दिवशी तो दगा देतो.

पंपाची प्राथमिक परीक्षा कानानेच होते. किल्ली चालू केली की मागून दोनेक सेकंद बारीक घूं ऐकू येतो. गाडी बंद पडल्यावर तो ऐकू आला नाही तर पंप, त्याचा रिले किंवा वायर यांत दोष आहे. ऐकू आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही; पुरेसा दाब येतो का ते गेज लावूनच कळतं. नेहमीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब साधारण तीन ते चार बार असतो.

जुन्या पिढीला घाट आणि उष्णता म्हटल्यावर वेगळंच आठवेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटूनच असायचा आणि पेट्रोल टाकीतून ओढून आणायचा. मे महिन्यात खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना त्या ओढीच्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ ओढणं त्या पंपाला जमायचं नाही. ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि ते शास्त्रशुद्ध होतं. पाण्याचं बाष्पीभवन उष्णता घेऊन जायचं. पंप टाकीत गेला आणि लाइन पूर्ण दाबाखाली आली तेव्हापासून हा आजार जवळजवळ संपला. आजच्या गाडीच्या बॉनेटखाली ओलं फडकं टाकून उपयोग नाही. उलट पाणी एखाद्या कनेक्टरमध्ये शिरायचं.

सिग्नलला थांबताना

काही गाड्या वेगात कधीच बंद पडत नाहीत. ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, सिग्नलला येऊन उभी राहिली की इंजिन जातं. इथे दोष बहुधा हवेच्या बाजूला. आयडलिंगला इंजिन अगदी थोड्या हवेवर चालतं, आणि थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती काजळी साचली की तेवढीही मिळत नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की भार वाढतो आणि गाडी बंद. स्वच्छ करणं हाच इलाज, पण झडप विजेवर उघडणारी असेल तर साफसफाईनंतर ईसीएमला आयडलिंगची जागा नव्याने शिकवावी लागते. ते न केल्यास ‘साफ केल्यावर जास्तच बिघडली’ अशी तक्रार येते.

याच गटात दोन खुणा इतक्या बोलक्या आहेत की त्या विसरू नयेत. ब्रेकवर पाय ठेवताच इंजिन अडखळत असेल तर ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. त्यातून मोजणीबाहेरची हवा इंजिनात शिरते. ही गाडी आधी ब्रेकसाठी दुरुस्त करायची. आणि पेट्रोल भरून निघताच बंद पडणारी, किंवा पंपावरच सुरू व्हायला त्रास देणारी गाडी टाकीतल्या वाफेची पर्ज व्हॉल्व्ह उघडी अडकल्याचं सांगत असते. पंपावाल्याने भेसळ केली असा आरोप त्यानंतर पुष्कळदा होतो.

विजेचे जोड

एकदम बंद पडणाऱ्या गाडीत, उष्णतेशी संबंध दिसत नसेल तर, मी सर्वांत आधी जोड पाहायला सांगेन. बॅटरीचं टर्मिनल हाताने फिरतं का? इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडली आहे का? नंतर बसवलेली रिमोट लॉकची यंत्रणा, अलार्म, म्युझिक सिस्टीम यांच्या वायरी मूळ वायरिंगला नुसत्या पिळून टेप मारून जोडल्या आहेत का? पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का? पाण्यात गेलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवट भुकटी दिसते का?

इथे मीटर कसा लावायचा हे महत्त्वाचं. बहुतेक जण गाडी बंद ठेवून वायरीचा रोध मोजतात, शून्य आला की वायर चांगली म्हणतात. पण मीटर त्या वायरीतून अत्यल्प प्रवाह सोडतो. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली तरी त्या प्रवाहाला ती पुरते. खरा भार आला की तीच एक तार तापते आणि व्होल्टेज खाऊन टाकते. म्हणून मोजायचं ते चालू स्थितीत. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचा. आकडा दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक व्होल्टच्या जवळ गेला तर दोष सापडला. पंपाच्या वायरीलाही हीच परीक्षा, पंप चालू असताना.

रिलेच्या बाबतीत १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांनी जगभरच्या मेकॅनिकना एक धडा दिला. त्यांच्या मुख्य रिलेतले झाळकामाचे टाके काळाने तडकत. उन्हात काचा लावून उभी राहिलेली गाडी आतून तापली की तडा उघडायचा आणि पंपाची वीज जायची. रिले उघडून भिंग लावलं की टाक्याभोवती केसासारखी वर्तुळाकार रेघ दिसे, आणि डाग पुन्हा दिला की गाडी बरी. हजारोंचा पंप बदलण्याआधी रिले उघडून पाहायची सवय तिथून लागली.

एक स्विच आणि १२४ जीव

मधूनच बंद पडणाऱ्या गाडीचा तपास नीट न करण्याची किंमत किती असू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. सॅटर्न आयन आणि शेव्हरोले कोबाल्ट या तिच्या गाड्यांत इग्निशन स्विच फार हलका होता. किल्ली ‘चालू’ या जागेवर अडवून धरायला आत एक छोटी स्प्रिंग आणि तिच्यावर बसणारी खुंटी असते. किल्ली फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर पीळ लागावा असं कंपनीचंच प्रमाण होतं. प्रत्यक्षात स्विच त्याहून कमी जोरात फिरायचा. जड जुडगा लोंबत असला, खड्डा आला, गुडघा लागला, की किल्ली मागे सरकायची आणि इंजिन बंद. शिवाय त्या जागी किल्ली गेली की एअरबॅगची यंत्रणाही बंद व्हायची.

गाडी बंद पडते हे कंपनीतल्या अभियंत्यांना २००५ च्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी ती बाब ग्राहकाच्या सोयी-गैरसोयीच्या खात्यात टाकली, सुरक्षेच्या नाही. विक्रेत्यांना सूचना गेली, की गिऱ्हाइकांना जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. २००७ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका पोलिसाने अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं, की किल्ली ‘अ‍ॅक्सेसरी’वर होती आणि एअरबॅग उघडल्या नाहीत, या दोन गोष्टींचा संबंध असावा. रस्त्यावरच्या पोलिसाला जे दिसलं ते कंपनीच्या कार्यालयात पुढची कित्येक वर्षं कुणी जुळवलं नाही.

२०१० च्या मार्चमध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका तरुण परिचारिकेने आपली कोबाल्ट चालता चालता बंद पडते म्हणून गॅरेजमध्ये दिली. तिथे इंधनाची यंत्रणा साफ करून गाडी परत दिली गेली. त्यानंतर काही दिवसांतच गाडी रस्त्यात अनावर होऊन ती अपघातात गेली. गाडीतल्या नोंदयंत्राने दाखवलं, की किल्ली ‘चालू’वर नव्हती. तिच्या आईवडिलांनी दावा लावला आणि त्यांच्या वकिलांनी फ्लोरिडातल्या मार्क हूड या अभियंत्याला तपास दिला. हूडने स्विचची छायाचित्रं घेतली, क्ष-किरण काढले, तो उघडला, तरी कोडं सुटेना. मग त्याने तोच सुटा भाग दुकानातून साधारण तीस डॉलरला नवा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. भाग क्रमांक एकच, पण नव्यातली खुंटी सुमारे दीड मिलिमीटरने लांब होती आणि स्प्रिंगही जास्त ताठ होती. म्हणजे कंपनीने मधे कधीतरी भाग सुधारला होता आणि क्रमांक बदलला नव्हता. बदलाला मंजुरी एप्रिल २००६ मध्ये दिली गेली होती. कागदोपत्री जुना आणि नवा स्विच एकच राहिल्यामुळे नंतरच्या गाड्या का बंद पडत नाहीत, हे तपासणाऱ्यांनाही कळेना.

२०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला ९० कोटी डॉलर भरले. या हकिकतीत मला सर्वांत जास्त बोचतं ते ‘गैरसोय’ या खात्यात टाकणं. इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शक्ती उरते. हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड होतं. मागून येणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून बंद पडल्याक्षणी धोक्याचे दिवे लावावेत, ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच दाबून धरावा, गाडी कडेला घ्यावी, आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली कधीही काढू नये. काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होतं. पेट्रोल-सेन्सर तपासण्याआधी जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या काढून आठवडाभर गाडी चालवून पाहावी आणि किल्ली हलकेच हलवून इंजिन अडखळतं का तेही उभ्या गाडीत पाहावं, हा सल्ला मी कोणत्याही कंपनीच्या किल्लीच्या गाडीला देईन. त्याला काही खर्च नाही.

स्कॅनरला काय कळतं

भारतात भारत स्टेज ४ च्या गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वतपासणीची यंत्रणा सक्तीची झाली. अमेरिकेत ती १९९६ पासून आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की साठवलेले कोड वाचता येतात. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच चेक लाइट लागतो. एकदाच दिसलेला दोष ‘पेंडिंग’ यादीत पडून राहतो आणि पुन्हा न दिसल्यास पुसला जातो. म्हणून मेकॅनिकला पेंडिंग कोडही वाचायला सांगावं, आणि कोड पुसण्याआधी त्यासोबतचा ‘फ्रीज फ्रेम’ उतरवून घ्यावा. दोष पकडला गेला त्या क्षणीचे फेरे, वेग, इंजिनचं तापमान त्यात असतं. बॅटरी काढून लावली की हे सगळं बऱ्याच गाड्यांत पुसलं जातं, आणि नेमकं तेच पुष्कळ जण आधी करतात.

कोड सर्किटचं नाव सांगतो, दोषी भागाचं नाही. पी०३३५ आल्यावर नवा सेन्सर बसवला आणि खरा दोष कनेक्टरच्या सैल पिनमध्ये असला, तर सेन्सर बदलताना कनेक्टर हलल्यामुळे गाडी महिनाभर बरी चालते. तेवढ्यात सगळे निर्धास्त होतात.

कोड नसेल तर दोष मुद्दाम घडवून आणावा लागतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हलवायचे. सेन्सरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडायची. पावसाळी तक्रार असेल तर कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आणि तरीही गाडी गॅरेजमध्ये बंद पडत नसेल तर एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. पंपाच्या वायरीला फ्यूजसकट जोड देऊन १२ व्होल्टचा छोटा बल्ब डॅशबोर्डवर आणून ठेवायचा आणि गाडी गिऱ्हाइकाला परत द्यायची. गाडी बंद पडताना बल्ब आधी विझला तर पंपाची वीज गेली. इंजिन आधी थांबलं आणि बल्ब एक-दोन सेकंदांनी विझला तर वीज ठीक होती. इंजिन थांबल्यावर ईसीएम स्वतःच पंप बंद करतो. बल्ब जळत असताना पिकअप जाऊन गाडी धडपडत थांबली तर पंपाचा दाब मोजायचा. इतक्या साध्या साधनाने इतका स्पष्ट पुरावा महागड्या स्कॅनरनेही नेहमी मिळत नाही.

राहिला एक प्रश्न, की दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं? काढलेला भाग फेकू नये. दोन तारांचा क्रँक सेन्सर असेल तर मीटर लावून ठेवून तो ड्रायरने तापवावा. थंड असताना काही शे ओहम दाखवणारा आकडा तापल्यावर एकदम अनंतावर गेला, तर पुरावा हातात आला. असा पुरावा मिळाला नाही तर वाट पाहणं उरतं, आणि किती वाट पाहायची याचं गणित आहे. समजा गाडी अनियमितपणे, पण सरासरीने आठवड्यातून एकदा बंद पडत होती. दोष तसाच असला तरी निव्वळ योगायोगाने एक आठवडा निर्वेध जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. दोन आठवडे जाण्याची साडेतेरा टक्के, तीन आठवडे जाण्याची पाच टक्के. म्हणजे पूर्वीच्या सरासरी अंतराच्या तिप्पट काळ गाडी न अडखळता चालली तर दुरुस्तीवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. मात्र हा काळ पूर्वीच्याच परिस्थितीत मोजायला हवा. टाकी तळाला असताना बंद पडणाऱ्या गाडीचे, टाकी भरून काढलेले तीन आठवडे हिशेबात धरायचे नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद पडणारी गाडी जूनच्या पहिल्या पावसात दुरुस्त होऊन आली असेल, तर वहीतलं ते पान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडंच ठेवावं.